चीवर आणि गाव : बौद्ध भिक्खूचे जीवन आणि लोकसेवा समजून घेताना

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या बहुतेक गावांत भिक्खू कायम मुक्कामाला नसतात. बुद्धपौर्णिमेला, वर्षावासात (पावसाळ्यातल्या तीन महिन्यांच्या मुक्कामात), एखाद्या घरच्या पुण्यानुमोदनाला (मृत्यूनंतरच्या विधीला) किंवा नव्या विहारात बुद्धमूर्ती बसवायची असेल तेव्हा ते येतात, धम्मदेसना देतात, भोजनदान स्वीकारतात आणि पुढच्या गावाला जातात. त्यामुळे त्यांच्याविषयी आदर पुष्कळ असला तरी माहिती बेताचीच असते. भन्तेजींना पगार मिळतो का, ते रात्री का जेवत नाहीत, मध्येच चीवर, म्हणजे भिक्खूचे वस्त्र, उतरवून संसार करता येतो का, असे प्रश्न मंडपाच्या कडेला उभे राहून विचारले जातात. आणि सगळ्यांत शेवटी, आवाज जरा खाली आणून, आणखी एक प्रश्न येतो : भन्ते समाजासाठी नेमके करतात तरी काय?

हा शेवटचा प्रश्न विचारताना संकोचण्याचे कारण नाही, कारण तो खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीच लिहून ठेवला आहे. त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रास्ताविकात त्यांनी बौद्ध धम्माच्या अभ्यासकापुढचे चार प्रश्न मांडले. त्यांतला चौथा भिक्खूविषयी आहे. बुद्धाने भिक्खू निर्माण केला तो एक परिपूर्ण माणूस घडवण्यासाठी, की लोकांची सेवा करणारा, त्यांचा मित्र आणि मार्गदर्शक होणारा समाजसेवक घडवण्यासाठी? भिक्खू केवळ परिपूर्ण माणूस असेल तर तो स्वतःपुरताच राहिला आणि धम्माच्या प्रसाराला त्याचा उपयोग नाही. तो समाजसेवक असेल तर मात्र धम्माची आशा त्याच्यावर आहे, असा बाबासाहेबांचा रोख आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी ज्यांचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, दाखल झाले आणि ज्यांच्या आईची समाधी याच शहरात आहे, त्यांनी विचारलेला हा प्रश्न आपल्या भागात तरी नीट समजून घ्यायला हवा. तो समजण्यासाठी आधी भिक्खूचे जीवन कोणत्या नियमांवर उभे आहे हे पाहावे लागते, कारण ते नियम आणि ही सेवा यांना आपण उगाच दोन वेगळ्या खोल्यांत बसवतो.

भिक्खू होण्याच्या दोन पायऱ्या आहेत. पहिली प्रव्रज्या. केस आणि दाढी काढून, चीवर परिधान करून, त्रिशरण आणि दहा शीले घेतलेला माणूस श्रामणेर होतो. दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्याकडे दहा दिवसांची श्रामणेर शिबिरे भरतात, त्यांत मुले आणि मोठी माणसेही ही पहिली पायरी तात्पुरती अनुभवतात आणि शिबिर संपले की चीवर परत करून घरी जातात. दुसरी पायरी उपसंपदेची. तिच्यासाठी वयाची वीस वर्षे पूर्ण असावी लागतात, आईवडिलांची परवानगी लागते आणि काही प्रश्नांची उत्तरे संघासमोर द्यावी लागतात. तू कर्जदार नाहीस ना? तू राजाच्या नोकरीत नाहीस ना? तुला अमुक रोग नाहीत ना? विकास सोसायटीचे कर्ज बुडवून किंवा नोकरीतून पळ काढून चीवर घालण्याची वाट विनयाने, म्हणजे भिक्खूंच्या नियमसंहितेने, अशी पहिल्याच दारात बंद केली आहे. आईवडिलांच्या परवानगीचा नियमही एका आजोबांच्या दुःखातून आला : राहुलला प्रव्रज्या दिल्यानंतर शुद्धोदनाने बुद्धाकडे तक्रार केली की, हे दुःख कातडी, मांस आणि हाड छेदून मज्जेपर्यंत जाते, म्हणून पुढे आईवडिलांना विचारल्याशिवाय कोणाच्या मुलाला प्रव्रज्या देऊ नये, आणि बुद्धाने ते मान्य केले.

उपसंपदा एकटा गुरू देऊ शकत नाही, ती संघाने द्यायची असते. मध्यदेशात, म्हणजे गंगेच्या खोऱ्यात, त्यासाठी दहा भिक्खू लागत. सीमेबाहेरच्या प्रदेशांत मात्र विनय जाणणारा एक धरून पाच पुरतात, आणि ही सवलत ज्या प्रदेशाच्या अडचणीमुळे मिळाली तो आपल्याच दिशेचा आहे. अवंती-दक्षिणापथात, म्हणजे माळवा आणि त्याच्या दक्षिणेकडच्या मुलखात, सोण नावाच्या तरुणाला उपसंपदा घ्यायची होती. पण दहा भिक्खू जमवता जमवता तीन वर्षे गेली. पुढे तोच सोण बुद्धाच्या भेटीला निघाला तेव्हा त्याचे गुरू महाकच्चान यांनी त्याच्याबरोबर या अडचणी कळवल्या. त्यांत एक अशी होती की, या भागातली जमीन वरून काळी, खडबडीत आणि गुरांच्या खुरांनी तुडवलेली असल्यामुळे पातळ तळाच्या वहाणा चालत नाहीत. उन्हाळ्यात वाळवा किंवा मिरज तालुक्यातल्या काळ्या रानातून जो अनवाणी चालला असेल, त्याला या तक्रारीचे स्पष्टीकरण द्यावे लागणार नाही. बुद्धाने जाड तळाच्या वहाणांनाही परवानगी दिली. विनय हा दगडावर कोरून ठेवलेला कायदा नव्हता. माणसांची आणि मुलखाची गाऱ्हाणी ऐकत तो घडत गेला.

भिक्खू झाल्यावर माणसाला नवे पालि नाव मिळते आणि जुन्या नावाबरोबर आडनावही जाते. ज्या भागात आडनाव ऐकताच गाव, भावकी आणि जात या तिन्हींचा अंदाज बांधला जातो, तिथे ही साधी बाब नाही. संघात ज्येष्ठता ठरते ती वयाने, शिक्षणाने वा कुळाने नव्हे, तर उपसंपदेनंतर किती वर्षावास झाले यावर. तीन वर्षावास झालेला तेवीस वर्षांचा भिक्खू पुढे बसतो आणि साठाव्या वर्षी चीवर घेतलेला निवृत्त अधिकारी त्याला वंदन करतो. याचे मूळ उदाहरण शाक्य राजकुमारांचे आहे. भद्दिय, अनुरुद्ध, आनंद हे राजकुमार प्रव्रज्येसाठी आले तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांचा न्हावी उपालि होता. आम्हां शाक्यांना मोठा अभिमान आहे, तेव्हा आधी उपालिला प्रव्रज्या द्या, म्हणजे आम्हाला त्याच्यापुढे हात जोडावे लागतील, अशी विनंती त्यांनी स्वतःच केली. हाच उपालि पुढे विनयाचा सर्वश्रेष्ठ जाणकार ठरला आणि पहिल्या संगीतीत, म्हणजे बुद्धवचन संकलित करण्यासाठी भरलेल्या सभेत, विनयाचे पठण त्याच्याकडून करून घेण्यात आले.

आता नियमांकडे वळू. थेरवाद परंपरेत भिक्खूचे २२७ नियम आहेत आणि भिक्खुणीचे ३११. ते सगळे सारख्या वजनाचे नाहीत. चार नियम असे आहेत की त्यांतला एकही मोडला तर भिक्खूपण त्याच क्षणी संपते आणि या जन्मात पुन्हा मिळत नाही : लैंगिक संबंध, चोरी, मनुष्यहत्या आणि आपल्याला नसलेल्या अलौकिक सिद्धीचा खोटा दावा. चौथ्या नियमाकडे लक्ष द्यावे. अंगारे-धुपारे आणि चमत्कार यांना गिऱ्हाईक कधीच कमी नसते. अशा देशात ‘मला सिद्धी प्राप्त झाली आहे’ ही थाप खुनाच्या रांगेत बसवली गेली, यात मोठा शहाणपणा आहे. याच्या उलट टोकाला पंच्याहत्तर नियम नुसत्या वागण्याच्या शिस्तीचे आहेत : तोंडात घास असताना बोलू नये, मचमच आवाज करीत खाऊ नये, गावात जाताना अंग नीट झाकलेले असावे. दर पौर्णिमेला आणि अमावास्येला भिक्खू एकत्र जमून या नियमांचे पठण करतात आणि त्याआधी आपली चूक एकमेकांजवळ कबूल करतात. मध्येच भिक्खूपण सोडता येते का, या मंडपाच्या कडेच्या प्रश्नाचे उत्तर सरळ होय असे आहे. समोरच्या समजदार माणसाला स्पष्ट शब्दांत सांगून चीवर उतरवता येते, आणि त्या चारांपैकी एखादा गुन्हा केलेला नसेल तर पुढे पुन्हा उपसंपदाही घेता येते. धर्मानंद कोसंबी १९०२ मध्ये श्रीलंकेत भिक्खू झाले आणि पुढे चीवर उतरवून संसारात परतले. पण मराठी माणसाला बुद्धाची ओळख करून देण्याचे त्यांचे काम त्यामुळे अडले नाही.

भिक्खूचा गावाशी संबंध कसा जोडला जातो, हे समजण्याची खरी किल्ली अन्नाच्या नियमांत आहे. भिक्खूने जमीन खणायची नाही, झाड तोडायचे नाही. मिळालेले अन्न उद्यासाठी साठवायचे नाही. पाणी आणि दातवण सोडले तर कोणी हातात दिल्याशिवाय काहीही तोंडात घालायचे नाही. माध्यान्हीनंतर जेवायचे नाही. सोने-रुपे घ्यायचे नाही. हे नियम एकापुढे एक ठेवून पाहिले की त्यांची रचना लक्षात येते : या माणसाला शेती करता येत नाही, कोठार भरता येत नाही, पैसा जमवता येत नाही, म्हणजेच रोज सकाळी कोणातरी गृहस्थाच्या समोर उभे राहिल्यावाचून त्याचे चालत नाही. रानात जाऊन कंदमुळांवर राहणाऱ्या तपस्व्याचा मार्ग त्याला मुद्दाम बंद केलेला आहे. घर सोडलेल्या माणसाला गाव सोडता येऊ नये, अशी ही योजना आहे. आणि त्याच्या लोकसेवेची सुरुवात तिथूनच होते, वेगळ्या एखाद्या उपक्रमातून नव्हे.

या परावलंबनाची दुसरी बाजूही आहे, ती म्हणजे गावाचा भिक्खूवरचा अंकुश. कोसंबी नगरीत भिक्खूंचे दोन गट पडले. अट्ठकथा, म्हणजे जुने पालि भाष्य, सांगते की, भांडणाचे निमित्त शौचाच्या जागी भांड्यात राहिलेल्या थोड्या पाण्याचे होते. (संस्था फुटण्याची निमित्ते तेव्हाही एवढीच असायची.) बुद्धाने समजावूनही ते ऐकेनात, तेव्हा तो एकटाच पारिलेय्यक वनात निघून गेला. मग गावच्या उपासकांनी ठरवले की, या भिक्खूंना वंदन करायचे नाही, त्यांच्यासाठी उठायचे नाही आणि त्यांच्या पात्रात भिक्षा घालायची नाही. थोड्याच दिवसांत दोन्ही गट श्रावस्तीला जाऊन बुद्धासमोर समेटाला तयार झाले. उलट बाजूने संघालाही एक शस्त्र दिलेले आहे : जो गृहस्थ जाणूनबुजून संघाची हानी करतो किंवा बुद्ध, धम्म आणि संघ यांची निंदा करतो, त्याच्यापुढे संघ रीतसर ठराव करून पात्र पालथे घालतो, म्हणजे त्याचे दान घेणे थांबवतो. दान देणारा मोठा आणि घेणारा लाचार, असे हे नाते नाही. दोघांनाही एकमेकांना जाब विचारता येतो.

हे नाते जमिनीवर कसे दिसत असेल, याचा अंदाज कराडजवळच्या आगाशिवच्या डोंगरात येतो. जखिणवाडीच्या बाजूला डोंगराच्या अंगाखांद्यावर साठाहून अधिक लेणी खोदलेली आहेत, आणि त्यांतली पुष्कळशी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. इथे अजिंठ्याची चित्रे नाहीत, वेरूळची भव्यता नाही; लहान खोल्या, झोपण्यासाठी भिंतीलगत सोडलेले दगडी ओटे, पाण्याची टाकी आणि काही ठिकाणी स्तूप, एवढाच संसार आहे. ओट्यावर बसून पाहिले की खोली किती लहान आहे हे जाणवते : एक माणूस, त्याची तीन चीवरे, एक पात्र, वस्तरा, सुई, कंबरपट्टा आणि पाणी गाळण्याचे फडके या अष्टपरिष्कारांपलीकडे तिथे काही मावण्याची सोयच नाही. बाहेर येऊन उभे राहिले की खाली कृष्णा-कोयनेच्या संगमाकाठचे कराड दिसते. हे गाव तेव्हाही नावारूपाला आलेले होते. मध्यप्रदेशातल्या भारहुतच्या स्तूपाच्या शिलालेखांत दान देणाऱ्या करहाकट नगराचा उल्लेख येतो, आणि ते नगर म्हणजेच कराड असे अभ्यासक मानतात. बुद्धाला दान दिलेल्या वेळुवनाची जागा निवडताना बिंबिसार राजाने जी कसोटी लावली ती विनयात नोंदलेली आहे : गावापासून फार दूर नसावी, फार जवळही नसावी, दिवसा वर्दळ कमी आणि रात्री शांतता असावी, येऊ पाहणाऱ्यांना ये-जा करता यावी. आगाशिव या कसोटीला तंतोतंत उतरते. सकाळी पात्र घेऊन उतरावे, बाजारपेठेत भिक्षा घ्यावी, उन्हे चढायच्या आत परत यावे, इतकेच ते अंतर आहे. वाईजवळच्या लोहाऱ्याची आणि शिरवळची लेणी पाहतानाही हाच विचार मनात ठेवला तर ती नुसती ‘प्राचीन गुंफा’ राहत नाहीत.

आजच्या सातारा-सांगलीत दारोदार पिंडपात, म्हणजे पात्र घेऊन भिक्षेला फिरणे, क्वचितच दिसतो. त्याची जागा भोजनदानाच्या पाळीने घेतली आहे, आणि ती पाहायची तर वर्षावासात पाहावी. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचे तीन महिने भिक्खूने एकाच ठिकाणी राहायचे असते. पावसाळ्यात हिंडणारे भिक्खू हिरवे कोंभ आणि बारीक जीव तुडवतात, अशी लोकांनी तक्रार केली होती, त्यातून हा नियम आला. एखाद्या गावाने भन्तेजींना वर्षावासासाठी निमंत्रण दिले की विहाराच्या भिंतीवरच्या फळ्यावर खडूने तारखा आणि त्यांच्यापुढे घरांची नावे लिहिली जातात. भांगलणीचे दिवस असतात. बायकांना आठ-नऊ वाजता रानात पोहोचायचे असते, म्हणून पाळी असलेल्या घरात पहाटेच चूल पेटते आणि डबा वेळेआधी विहारात येतो. डबा नुसता समोर ठेवून चालत नाही. झाकण काढून, दोन्ही हातांनी पात्र उचलून भन्तेजींच्या हातात द्यावे लागते. नव्या सुनेला हे माहीत नसते, ती डबा ओट्यावर ठेवून मागे सरकते, आणि मग म्हातारी सासू तिला हळूच म्हणते, “हातात दे गं बाई, तसं घेत न्हाईत त्ये.” डब्यात भाकरी, एखादी उसळ, पावसाळी रानभाजी, जे घरात शिजते तेच असते. भिक्खूला मांसाहार वर्ज्यच आहे, असा एक समज आढळतो, पण थेरवादी विनयात तसा सरसकट नियम नाही. आपल्यासाठी प्राणी मारल्याचे पाहिलेले, ऐकलेले किंवा तशी शंका आलेले मांस घ्यायचे नाही, असा तो आहे.

वर्षावासातल्या संध्याकाळी विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते आणि वाचलेल्या भागावर भन्तेजी बोलतात. दिवसभर रानात राबलेली माणसे अंग धुऊन, पांढरी साडी किंवा पांढरा सदरा घालून येऊन बसतात आणि त्रिशरण-पंचशील म्हणतात. माझ्या मते भिक्खूच्या लोकसेवेचा सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत कमी मोजला जाणारा भाग हाच आहे. दीघनिकायातल्या सिगालोवाद सुत्तात गृहस्थ आणि श्रमण यांची परस्परांविषयीची कर्तव्ये सांगितली आहेत. गृहस्थाने कायेने, वाणीने आणि मनाने मैत्री ठेवावी, दार उघडे ठेवावे आणि गरजेच्या वस्तू पुरवाव्यात; श्रमणाने त्याला पापापासून आवरावे, कल्याणाकडे वळवावे, त्याच्यावर प्रेमाने अनुकंपा करावी, न ऐकलेले ऐकवावे आणि ऐकलेले स्पष्ट करून सांगावे. घरात दारूवरून रोज भांडण होणाऱ्या माणसाला पाचवे, म्हणजे नशा न करण्याचे, शील म्हणायला लावणे आणि तीन महिने रोज त्याच्या समोर बसणे, हे त्या आवरण्याचे आजचे रूप आहे. घरचे माणूस सांगते तेव्हा त्याची कटकट वाटते. ज्याला आपल्याकडून सकाळच्या भाकरीपलीकडे काही नको आहे, त्याचे सांगणे वेगळ्या ठिकाणी लागते.

मग संस्कारांचे काय? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी कुशीनाराहून आलेल्या महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून त्रिशरण आणि पंचशील घेतले आणि नंतर स्वतः गृहस्थ असूनही समोरच्या लाखोंच्या समुदायाला दीक्षा देऊन बावीस प्रतिज्ञा दिल्या. श्राद्ध आणि पिंडदान करणार नाही, ब्राह्मणाकडून कोणताही विधी करून घेणार नाही, हे त्या प्रतिज्ञांत आहे. घरातले जुने विधी त्या दिवशी थांबले. पण जन्म, लग्न आणि मरण काही थांबत नाहीत, आणि त्या वेळी माणसाला कोणीतरी चार शब्द बोलणारे जवळ लागते. बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ रोजी गेले. खेड्यापाड्यांत पोहोचेल एवढा भिक्खुसंघ उभा राहायला अवधीच मिळाला नव्हता. ही उणीव मुख्यतः बौद्धाचार्यांनी भरून काढली. बाबासाहेबांनी १९५५ मध्ये स्थापन केलेल्या भारतीय बौद्ध महासभेने प्रशिक्षण दिलेले हे गृहस्थ कोणी शिक्षक, कोणी एसटीचे कर्मचारी, कोणी शेतकरी असतात, आणि आपल्याकडची बहुतेक लग्ने व पुण्यानुमोदने तेच पार पाडतात. भिक्खू आणि बौद्धाचार्य यांतला फरक अजूनही अनेकांना नीट माहीत नसतो : बौद्धाचार्य संसारी असतो, त्याला २२७ नियम लागू नाहीत, आणि तो नोकरी सांभाळून हे काम करतो.

लग्नाच्या बाबतीत एक नियम मुद्दाम सांगितला पाहिजे. भन्तेजी गावोगाव फिरतात, त्यांना चार घरे माहीत असतात, म्हणून लोक सहज म्हणून जातात की, आमच्या पोरीसाठी एखादे स्थळ असेल तर सुचवा. पण स्त्री-पुरुषांचे जुळवण्यासाठी मध्यस्थी करणे हा भिक्खूसाठी दुसऱ्या क्रमांकाच्या गटातला, म्हणजे संघादिसेस, गुन्हा आहे. त्याचे प्रायश्चित्त संघासमोर घ्यावे लागते आणि पुन्हा पूर्ववत होण्यासाठी वीस भिक्खूंची सभा लागते. म्हणून भन्ते अशा वेळी नुसते हसून गप्प बसले तर राग मानू नये. जमलेल्या लग्नात येऊन शील देणे आणि मंगलमैत्री व्यक्त करणे वेगळे, लग्न जमवणे वेगळे. मृत्यूच्या वेळी मात्र भिक्खूची गरज सगळ्यांत जास्त भासते. ‘अनिच्चा वत संखारा’ (सर्व संस्कार अनित्य आहेत) ही गाथा कोणाला अर्थासह समजते, कोणाला नाही. पण रडणे कोणी थोपवत नाही, मृताच्या नावाने काही मागत नाही आणि घरच्यांना खर्चात पाडत नाही, हे त्या दिवशी सगळ्यांना समजते.

पैशाचा प्रश्न नाजूक आहे आणि तो टाळून चालणार नाही. विनयाप्रमाणे भिक्खूने पैसा स्वीकारायचा नसतो. त्याच्या गरजेसाठी दात्याने पैसे एखाद्या विश्वासू गृहस्थाकडे द्यावेत आणि त्याने वस्तू आणून द्यावी, अशी मुभा बुद्धाच्याच काळात दिली गेली. आज एसटीचे तिकीट, औषध आणि मोबाइल यांच्यावाचून फिरता भिक्खू राहू शकत नाही. त्यामुळे काही भिक्खू प्रवासापुरते पैसे जवळ ठेवतात, तर काही कडक विनय पाळणारे सोबत उपासक असल्याशिवाय बाहेर पडत नाहीत. माझे मत विचाराल तर, दोष पैशाला स्पर्श झाला की नाही यात शोधण्यापेक्षा हिशेब कोणाकडे आहे यात शोधावा. विहार सार्वजनिक न्यास म्हणून नोंदवलेला असेल आणि दानपेटी विश्वस्तांसमोर उघडत असेल, तर भन्तेही सुरक्षित आणि गावही.

बाबासाहेबांची अपेक्षा याहून मोठी होती, हे मान्य केले पाहिजे. १९५० मध्ये महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलेल्या लेखात त्यांनी तत्कालीन संघावर कडक टीका केली होती. संख्येने पुष्कळ भिक्खू नकोत, थोडे पण उच्चशिक्षित हवेत. ख्रिस्ती धर्मप्रचारकांनी शाळा आणि दवाखान्यांतून जी सेवा केली तिच्याकडून काही शिकावे, असे त्यांचे म्हणणे होते. त्या मापाने पाहिले तर आपल्या दोन जिल्ह्यांतले काम लहान आहे : विहारातल्या अभ्यासिकेत रात्री दिवा चालू राहील हे पाहणे, स्पर्धा परीक्षेच्या मुलांना पुस्तके मिळवून देणे, श्रामणेर शिबिरात आलेल्या मुलाला पहाटे उठायची आणि स्वतःचे ताट धुवायची सवय लावणे. बौद्ध झालेल्या कुटुंबांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्राच्या पातळीवर १९९० मध्ये मिळाल्या. त्यानंतरही दाखल्यांच्या घोळात सापडलेले पालक विहारात येतात आणि भन्तेजी त्यांना जाणकाराकडे धाडतात. यातले काहीही वर्तमानपत्रात येण्यासारखे नाही. पण सारनाथहून पहिल्या साठ भिक्खूंना निरोप देताना बुद्ध म्हणाला होता, ‘चरथ भिक्खवे चारिकं बहुजनहिताय बहुजनसुखाय’, म्हणजे भिक्खूंनो, पुष्कळांच्या हितासाठी आणि सुखासाठी फिरत राहा, आणि पुढेच सांगितले होते की, दोघांनी एका वाटेने जाऊ नका. आपल्या एसटीच्या ब्रीदवाक्यात याच ओळीतले शब्द आहेत, आणि आडगावापर्यंत पोहोचणे हाच भिक्खू आणि एसटी या दोघांचाही धर्म आहे.

मात्र याच आज्ञेतून आपल्याकडची एक मोठी अडचण तयार झाली आहे. भिक्खू एकेकटे राहतात. पौर्णिमेच्या नियमपठणाला संघ म्हणून किमान चार भिक्खू लागतात. वर्षावासानंतरच्या महिन्यात होणाऱ्या ‘कठिन’ नावाच्या चीवरदानाला पाच लागतात, कारण ते वस्त्र व्यक्तीला नव्हे, संघाला दिलेले असते. एका गावात एकच भन्ते असतील तर यातले काहीच पूर्ण विधीने होत नाही, म्हणून शेजारच्या चार-पाच गावांनी वर्षावासाच्या आधीच एकत्र बसून कोणते भिक्खू कुठे राहतील आणि पौर्णिमेला कुठे जमतील हे ठरवणे इष्ट असते. वर्षावासात जागा सोडायची नसली तरी सात दिवसांची सवलत आहे. दुसरा भिक्खू किंवा स्वतःचे आईवडील आजारी असतील तर बोलावणे नसतानाही जाता येते. संन्यास घेतला म्हणजे आईवडील तुटले, हा समज बौद्ध विनयात बसत नाही. भिक्षेतले अन्न आईवडिलांना देण्याचीही मुभा आहे.

आणि भिक्खू स्वतः आजारी पडला तर? विनयात एक प्रसंग आहे. एका भिक्खूला अतिसार झाला होता आणि तो आपल्याच मलमूत्रात पडून होता. कोणाच्या उपयोगी पडत नाही म्हणून इतर भिक्खूंनी त्याच्याकडे पाठ फिरवली होती. बुद्धाने आनंदाला पाणी आणायला सांगितले. बुद्धाने पाणी ओतले, आनंदाने धुतले, मग एकाने डोक्याकडून आणि दुसऱ्याने पायांकडून उचलून त्याला खाटेवर निजवले. नंतर संघाला जमवून बुद्ध म्हणाला की, तुमची सेवा करायला इथे तुमचे आईवडील नाहीत. तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करील? ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची सेवा करावी. एकेकट्या विहारात म्हातारे होत चाललेल्या भन्तेजींजवळ असा दुसरा भिक्खू नसतो. त्यांना निवृत्तिवेतन नाही, मुले नाहीत, आणि विनयानुसार त्यांनी काही साठवलेलेही नसावे. म्हणून ज्या गावाला भन्तेजींनी कायम राहावे असे वाटते, त्याच्या विश्वस्त मंडळाने निमंत्रणाच्या वेळीच दोन गोष्टी लिहून ठेवाव्यात : दवाखान्याचा खर्च कोणत्या खात्यातून होईल, आणि रात्री अपरात्री विहाराचे दार ठोठावून पाहण्याची पाळी कोणत्या घराची असेल.